कुंचल्याचे मायलेज

आपल्या भागातील कितीतरी घरांत एकेकाळी दोन ‘चांदोबा’ वाचले जात. मराठी शाळेत जाणाऱ्यासाठी मराठी ‘चांदोबा’ आणि कानडी शाळेत जाणाऱ्यासाठी कानडी ‘चंदमामा’. १९४७ साली मद्रासमध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू झालेले हे मासिक पुढे आपल्या दोन्ही भाषांत आले. घर मराठी आणि आजोळ कानडी असलेल्या माझ्यासारख्या मुलांना त्यातली गंमत फार लवकर कळली. अक्षरे वेगळी, पण चित्र तेच! हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला राजा विक्रम दोन्ही भाषांत एकाच ढंगाने चालत असे. शब्दांना भाषांतर लागते, चित्राला लागत नाही, हा धडा आम्हाला कुठल्याही पुस्तकाच्या आधी त्या विक्रमाने दिला.

पण तो विक्रम काढणारा कोण, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. के. सी. शिवशंकरन ऊर्फ ‘शंकर’ हे त्यांचे नाव. २०२० साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते गेले, तेव्हा अनेकांना ते पहिल्यांदा कळले. चित्र घरोघरी पोहोचते आणि चित्रकार दाराबाहेरच राहतो, असे आपल्याकडे नेहमी होते. म्हणूनच पुढचा प्रश्न पडतो.

तो प्रश्न मला कोगनोळीतल्याच एका पालकांनी विचारला. त्यांची मुलगी आमच्या महाविद्यालयात बी. ए. करते. तिच्या वहीची मागची पाने पुढच्या पानांपेक्षा जास्त भरलेली असतात. वडील म्हणाले, “मॅडम, पोरगी चित्रं बरी काडतीया. पण नोकरी नको, घरातनंच कामं घेतो म्हणतीया. ह्येच्यावर पोट भरतंय का?” प्रश्न रास्त होता. तंबाखू आणि उसाचा भाव पाहून वर्षाचा हिशेब करणाऱ्या माणसाने तो विचारू नये तर कोणी विचारावा? त्यांना मी जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने इथे सांगते आहे.

बेळगावचा मुलगा

नोकरी न करता, कामागणिक मोबदला घेऊन चित्रे काढणाऱ्याला हल्ली ‘फ्रीलान्स इलस्ट्रेटर’ म्हणतात. शब्द नवा, धंदा जुना. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘मुखपृष्ठ व सजावट’ या शब्दांपुढे जे नाव असते, ते बहुधा अशाच माणसाचे. आणि या धंद्यातला एक फार मोठा माणूस आपल्या जिल्ह्याने दिला आहे, तो म्हणजे रवी परांजपे.

१९३५ साली तेव्हाच्या बेळगावात त्यांचा जन्म झाला. चित्रकलेचे धडे त्यांनी गावातच, के. बी. कुलकर्णी सरांकडे गिरवले. कुलकर्णी सर म्हणजे बेळगावच्या कित्येक चित्रकारांचे गुरू. समोरचे माणूस आणि समोरचे झाड आधी नीट पाहायला शिकवणारे. ही शिदोरी घेऊन परांजपे मुंबईला गेले. तिथे व्यावसायिक चित्रकार म्हणून त्यांनी नोकऱ्या केल्या, मधली काही वर्षे केनियात नैरोबीला जाहिरातीचे काम केले आणि परत येऊन स्वतंत्रपणे कामे घेऊ लागले. जाहिराती, कथाचित्रे, दिनदर्शिका आणि नव्या इमारतींची चित्रे अशी सगळी कामे त्यांनी केली. पुढे पुण्यात स्थायिक झाले आणि जून २०२२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

यातले इमारतींचे काम जरा समजावून सांगण्यासारखे आहे. इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल, हे गिऱ्हाइकाला दाखवावे लागते. वास्तुशिल्पकाराच्या हाती असतो तो नकाशा; सामान्य माणसाला त्यातले काही कळत नाही. मग चित्रकार तो नकाशा वाचतो, पाहणाऱ्याची नजर कुठे असेल ते ठरवतो आणि मागे जाणाऱ्या रेषा क्षितिजावरच्या बिंदूत मिळवून, अजून उभी न राहिलेली इमारत कागदावर उभी करतो. वर आकाश, दारात झाडे, रस्त्याने जाणारी माणसे... संगणक येण्यापूर्वी हे सगळे हाताने होत असे. गणित आणि रंग दोन्ही पक्के असणाऱ्यालाच ते जमे. परांजपे यांचे त्यात मोठे नाव होते.

त्यांच्या आत्मचरित्राचे नाव आहे ‘ब्रश मायलेज’. महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या आपल्याला ‘मायलेज’ शब्द समजावून सांगायला नको. गाडी किती धावली ते काट्यावर दिसते. कुंचला किती धावला त्याला मात्र काटा नाही. ते हाताच्या सफाईत दिसते. माझ्या मते स्वतंत्र चित्रकाराची खरी मालमत्ता तीच. पदवी भिंतीवर टांगता येते, मायलेज रोज वाढवावे लागते.

पोटापाण्याच्या चार वाटा

“पोट भरतं का?” या प्रश्नाला आपल्या भागातल्या चित्रकारांनी एकच उत्तर दिलेले नाही. जरा मागे वळून पाहिले की किमान चार वाटा दिसतात.

मडगावला १९१६ मध्ये जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईत आले आणि पुस्तकांची मुखपृष्ठे करू लागले. पण इतरांच्या मागणीवर न थांबता १९४५ साली त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला. चित्रकार स्वतःच संपादक, स्वतःच मालक! गोव्याचेच रघुवीर मुळगावकर यांनीही पुढे ‘रत्नप्रभा’ काढून हीच वाट धरली.

दुसरी वाट कलबुर्गीच्या एस. एम. पंडितांची. त्यांचाही जन्म १९१६ चा. त्यांनी मुंबईत सिनेमाच्या जाहिराती रंगवल्या, ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठे केली आणि कॅलेंडरांसाठी देवादिकांची चित्रे काढली. बाजार जिथे होता तिथे ते गेले, पण हाताचा दर्जा खाली येऊ दिला नाही. आज कलबुर्गीत त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे.

तिसरी वाट कोल्हापुरात १९२७ मध्ये जन्मलेल्या वसंत सरवटे यांची. शिक्षणाने ते अभियंता होते. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करत करतच त्यांनी हास्यचित्रे आणि कथाचित्रे काढली. ‘ललित’ मासिकातला तो हातोडेवाला ‘ठणठणपाळ’ त्यांच्याच रेषेतला. पगार सिमेंटचा आणि कीर्ती शाईची, असा तो संसार होता. २०१६ मध्ये ते गेले, पण त्यांची रेषा कुठेही दिसली तरी ओळखू येते.

चौथी वाट परांजपे यांची. आधी नोकरीत राहून धंदा शिकायचा, मगच स्वतंत्र व्हायचे आणि स्वतंत्र झाल्यावर एकाच प्रकारच्या कामावर विसंबायचे नाही. आपला शेतकरी सगळ्या रानात एकच पीक घेत नाही, त्यातलेच हे शहाणपण.

या चारांपैकी कोणीही भाग्याची वाट पाहत बसलेला दिसत नाही. चौघांनीही आधी मिळकतीची सोय पाहिली आणि कलेला सांभाळले.

दिवस कसा जातो

स्वतंत्र चित्रकार म्हणजे मनाला येईल तेव्हा उठणारा माणूस, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याचा दिवस दुकानदारासारखा असतो. आधी मजकूर वाचायचा. गोष्टीतली म्हातारी डाव्या हाताने जेवत असेल, तर ते चित्रात आलेच पाहिजे! मग पेन्सिलीने कच्चे रेखाटन, ते प्रकाशकाकडून पसंत करून घेणे, दुरुस्त्या आणि शेवटी पक्के चित्र. मधल्या वेळात बिले करणे, थकलेल्या पैशासाठी फोन करणे, नवे काम मागणे. हातात कुंचला असतो त्यापेक्षा कानाला फोन जास्त असतो, असे दिवसही येतात.

पूर्वी या कामाला छपाईची वेसण होती. जस्ताच्या ठशावर छापताना रेषा काळी तरी येई किंवा कोरी तरी. मधली करडी छटा हवी तर जाळीचा वेगळा ठसा आणि चांगला कागद लागे. तो खर्च परवडत नसे. म्हणून जुन्या मराठी मासिकांत आतली चित्रे नुसत्या काळ्या रेषांची आणि रंगाची श्रीमंती फक्त मुखपृष्ठावर. त्या अडचणीनेच आपल्या चित्रकारांची रेषा घोटीव केली. ऑफसेट छपाई आली आणि ही वेसण सुटली. आता काचेच्या पाटीवर इलेक्ट्रॉनिक पेनाने चित्र निघते आणि क्षणात पुण्याला किंवा बंगळूरला पोहोचते. कोगनोळीत राहून कामे घेता येतात ती त्यामुळेच.

कामाचे हंगामही असतात. दिवाळी अंकांची चित्रे पावसाळ्यात काढायची आणि पैसे बहुधा दिवाळी उलटल्यावर मिळायचे. मधले महिने घर कसे चालते, हे घरच्यांनाच ठाऊक. आई एका खोलीचा कोपरा मोकळा करून देते, वडील “काय झालं तुझ्या कामाचं?” असे रोज विचारत नाहीत, यावरही पुष्कळ अवलंबून असते. कानडीत म्हणतात ना, ‘कै केसरादरे बायि मोसरु’. हात चिखलात गेला तर तोंडाला दही मिळते. रंगाने माखलेला हातही त्याच जातीचा, एवढे घरात मान्य झाले तरी पुष्कळ.

दोन लिप्यांची पुंजी

निपाणी-चिकोडी भागातले जुने पेंटर दुकानाची पाटी दोन्ही लिप्यांत लिहीत. कानडीची गोलाई आणि देवनागरीची शिरोरेषा एकाच कुंचल्यातून उतरे. डिजिटल फ्लेक्स फलक आले आणि त्यांचा कुंचला थांबला. पण ती पुंजी अजून आपल्या मुलांकडे आहे. पुस्तकाचे नाव दोन्ही लिप्यांत तितक्याच देखण्या अक्षरांत काढू शकेल असा चित्रकार पुण्यात सहज मिळणार नाही आणि बंगळूरलाही नाही. कोगनोळीच्या मुलीला मात्र दोन्ही अक्षरे घरबसल्या येतात.

कामही आहे. नॅशनल बुक ट्रस्ट आपल्या दोन्ही भाषांत मुलांची पुस्तके काढते. बंगळूरला २००४ मध्ये सुरू झालेली ‘प्रथम बुक्स’ ही संस्था एकच चित्रमय गोष्ट अनेक भारतीय भाषांत छापते आणि लेखकाइतकेच ठळक नाव चित्रकाराचे देते. शंकर यांच्या पिढीला जे सहजी मिळाले नाही, ते आजच्या मुलांना मिळू लागले आहे.

कागद करून घ्या

पालकांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साधारणपणे चित्र काढणारा हाच त्याचा पहिला मालक. परंतु नोकरीत काढलेले चित्र मालकाचे होते. आणि कोणी पैसे देऊन रंगचित्र काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. लेखात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. म्हणून काम छोटे असले तरी एक पानाचा कागद करावा. चित्र कशासाठी, किती दिवसांसाठी, दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीचे पैसे वेगळे की नाही, आणि नाव कुठे छापणार. जमिनीच्या व्यवहारात आपण उतारा पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. मग चित्राच्या व्यवहारात संकोच कशाला?

यंत्र आले, आता काय?

२०२२ नंतर शब्द टाइप करताच चित्र काढून देणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली. भीती खोटी नाही. छायाचित्राने हाताच्या जाहिराती कमी केल्या, संगणकाने इमारतींची चित्रे घेतली, फ्लेक्सने पाट्या घेतल्या. यंत्र आणखी काही कामे नेईल, हे मुलांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

तरी ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचे काम सर्वांत शेवटी जाईल असे मला वाटते. तंबाखूचे पान वाळताना कसे आकसते, इरकलीचा पदर खोचून बाई भांगलायला कशी वाकते, दूधगंगेला पूर आला की शिवार कसे दिसते, हे इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. के. बी. कुलकर्णी सरांच्या शाळेचा धडाही तोच होता, आधी नीट पाहा.

तेव्हा मुलगा-मुलगी चित्रकार होतो म्हणाली, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच हुरळूनही जाऊ नका. आपल्याकडच्या लोअर-हायर किंवा महाराष्ट्रातल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवा. वर्षभर रोज एक चित्र काढायला सांगा आणि प्रत्येकावर तारीख घालायला लावा. वर्षाअखेरीस ती वही पहिल्या पानापासून चाळा. हात पुढे सरकला आहे की नाही, हे कोणालाही न विचारता तुम्हाला दिसेल. सरकला असेल, तर घरातला उजेडाचा कोपरा तिला देऊन टाका.