कंटाळा म्हणजे आळस नव्हे

सुट्टीच्या दिवसांत पोर घरात येरझारा घालते आणि म्हणते, "आई, कंटाळा आला!" आईला वेळ कुठला? धुणी, भांडी, पाणी, पुन्हा स्वयंपाक. ती खेकसते, "आळशी कुठला!" येथेच आपली चूक होते. आळशाला काही करायचेच नसते. कंटाळलेल्याला करायचे असते, पण कशातच मन रमत नाही.

हा फरक आपल्या पाली वाङ्मयाने फार पूर्वीच ओळखला होता. सुत्तनिपातातील पधान सुत्तात माराच्या सेनांची गणती आहे. तीत दुसरी सेना 'अरति', म्हणजे मन न रमणे. सुस्ती, म्हणजे 'थीनमिद्ध', ही निराळी, पाचवी. इजिप्तच्या वाळवंटातही चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाच्या ख्रिस्ती साधूने भर दुपारी येणाऱ्या एका राक्षसाचे वर्णन केले आहे. तो आला की सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, साधू सारखा खिडकीकडे पाहतो, आणि आपली खोली व हातचे काम दोन्ही त्याला नकोसे होते.

पण वाचकहो, हे झाले एकांतात बसणाऱ्यांचे. कामगाराचा कंटाळा पाहायचा तर ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावी जावे लागेल. व्हिएन्नाजवळचे हे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. १९३० पर्यंत गिरणी बंद पडली. मारी याहोदा या तरुण विदुषी व त्यांचे सहकारी तेथे गेले आणि १९३३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेकारांना वेळच वेळ, तेव्हा ते वाचतील, सभा-चळवळीत येतील असे कोणालाही वाटेल. घडले उलटेच! कामगारांच्या वाचनालयाची फी माफ केली, तरी पुस्तके कमी जाऊ लागली. पुरुष रस्त्याने रेंगाळत, थांबत चालत. बहुतेकांच्या जवळ घड्याळ नसे. बायका मात्र भराभर चालत, कारण घरकाम काही बंद पडले नव्हते. दिवसभर काय केले, असे पुरुषांना विचारले तर त्यांना धड सांगता येईना. याला आळस कोण म्हणेल?

मुंबईला हे परके नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन लाखांहून अधिक कामगार त्यात उतरले आणि पुढे हजारोंची नोकरी कायमची गेली. आमच्या चाळीतले एक काका त्यांतलेच. पहिले कित्येक महिने ते पाळीच्या वेळेला उठून, दाढी करून, जिन्याच्या पायरीवर बसत. लोक म्हणत, "बसून खातो." पुढे दाढीही सुटली. मनगटातले घड्याळ त्यांनी खुंटीला अडकवले ते कायमचे. त्याला चावी मात्र काकू रोज देत. पहाटे चारला नळाला पाणी येई.