पापलेटचे शास्त्रीय नाव कोणते?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले. शेकरू, हरियाल, ताम्हण आणि आंबा यांच्या पंगतीत समुद्रातल्या एका जिवाला जागा मिळाली, ही आनंदाची गोष्ट. त्या वेळच्या बातम्यांत पापलेटचे शास्त्रीय नावही छापून आले : पॅम्पस अर्जेन्टियस. आपल्याकडची मत्स्यशास्त्राची पुस्तके, अहवाल आणि महाविद्यालयांतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे हेच नाव सांगत आल्या आहेत. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांतले संशोधन पाहिले, तर हे नाव आपल्या पापलेटचे नाही. ते चीनच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या चुलतभावाचे आहे. असे कसे झाले आणि त्याने काय फरक पडतो, हे या लेखात सांगायचे आहे.

मी प्राणिशास्त्र महाविद्यालयात शिकलेलो नाही. बंदरावर आणि बाजारात मासे पाहणे, फूटपट्टी लावून मोजणे, परांतले काटे मोजून वहीत लिहिणे आणि मिळतील ते शोधनिबंध वाचणे, एवढीच माझी पद्धत. तीवर विसंबून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

कुल आणि वंश

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला वंशाचा, दुसरा जातीचा. मराठीत सांगायचे तर आधी आडनाव आणि मग स्वतःचे नाव. 'पॅम्पस' हे आडनाव. हा वंश शार्ल ल्युसियाँ बोनापार्ट या निसर्ग-अभ्यासकाने १८३४ मध्ये स्थापन केला. हे गृहस्थ नेपोलियनचे पुतणे. पॅम्पस, इंग्रजीतले पॉम्फ्रेट आणि आपले पापलेट या तिन्ही शब्दांचे मूळ बहुधा पोर्तुगिजांच्या 'पाम्पो' या मत्स्यनामात आहे, असे मानले जाते.

पॅम्पस ज्या कुलात मोडतो त्या स्ट्रोमॅटिडी कुलात तीनच वंश आहेत. त्यांनी जगाचे समुद्र जणू वाटून घेतले आहेत. स्ट्रोमॅटियस हा अटलांटिक महासागरात आणि भूमध्य समुद्रात, पेप्रिलस हा अमेरिका खंडांच्या दोन्ही किनाऱ्यांवर, आणि पॅम्पस हा पर्शियन आखातापासून जपानपर्यंत. पापलेट साफ करताना या कुलाची खूण घरबसल्या पाहता येते. कल्ल्यांच्या मागे, अन्ननलिकेच्या सुरुवातीला जाड भिंतीच्या पिशव्या असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला दातांसारखे कठीण दाणे असतात. पापलेटचे तोंड लहान, दात बारीक. समुद्रातले सूक्ष्म जीव आणि जेलीसारखे मऊ प्राणी गिळायचे आणि या पिशव्यांत भरडायचे, अशी त्याची व्यवस्था. दुसरी खूण म्हणजे पूर्ण वाढलेल्या माशाला पोटाखालची परांची जोडी नसते.

हलवा पापलेट नव्हे

इंग्रजीत हलव्याला 'ब्लॅक पॉम्फ्रेट' म्हणतात. शास्त्रज्ञही बराच काळ त्याला पापलेटचाच भाऊ समजत होते. १७९५ मध्ये ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने त्याला स्ट्रोमॅटियस नायजर असे नाव दिले. फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'द फिशेस ऑफ इंडिया' या ग्रंथातही तो स्ट्रोमॅटियसमध्येच आहे. आज त्याचे नाव पॅरास्ट्रोमॅटियस नायजर असे असून तो बांगड्यासारख्या दिसणाऱ्या खवलेदार शेपटीच्या माशांच्या, म्हणजे कॅरँजिडी कुलात मोडतो. त्याच्या शेपटीच्या देठावर बोट फिरवले तर खरखरीत खवल्यांची ओळ हाताला लागते. पापलेटला ती नसते. लहान हलव्याला पोटाखाली परही असतात, ते मोठेपणी नाहीसे होतात.

बंदरावर एकदा मी मुद्दामच एका कोळीणमावशींना विचारले, "हे काळे पापलेट का?" त्या म्हणाल्या, "दादा, ह्यो हलवा हाय, पापलेट नाय." शास्त्राला जे कळायला वेळ लागला, ते भाषेत आधीपासून होते. पण प्रत्येक भाषेत तसे नाही. इराणमध्ये पापलेटला 'हलवा सफेद' आणि हलव्याला 'हलवा सियाह' म्हणतात, म्हणजे तिथे दोघे एकाच नावाखाली आहेत.

चीनमध्ये ठेवलेले नाव

आता मूळ मुद्दा. १७८८ मध्ये युफ्रासेन या स्वीडिश निसर्ग-अभ्यासकाने चीनमधल्या पर्ल नदीच्या मुखाकडून आलेल्या दोन माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकाला अर्जेन्टियस, म्हणजे चंदेरी, आणि दुसऱ्याला चायनेन्सिस, म्हणजे चिनी, अशी नावे दिली. पुढे भारतातल्या माशांचीही वर्णने झाली. पॅट्रिक रसेल या डॉक्टरने विशाखापट्टणमच्या दोनशे माशांची चित्रे आणि वर्णने १८०३ मध्ये छापली, त्यांत माशांची तेलुगू नावेही नोंदवली. त्यानंतर १८२९ मध्ये फ्रान्सच्या क्यूव्हिए यांनी भारतातल्या पापलेटला कॅन्डिडस, म्हणजे शुभ्र, असे नाव दिले.

पण दोन चंदेरी, चपटे, विळ्यासारख्या परांचे मासे शेजारी ठेवले तर फरक चटकन दिसत नाही. शिवाय नामकरणाचा नियम असा, की एकाच जातीला दोन नावे मिळाली असतील तर जुने ते ग्राह्य. चीनचा आणि भारताचा चंदेरी पापलेट एकच, असे धरले गेले. साहजिकच १७८८ चे अर्जेन्टियस टिकले आणि १८२९ चे कॅन्डिडस अडगळीत गेले. अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड हेड्रिच यांनी १९६७ मध्ये या माशांची सविस्तर मांडणी केली, तेव्हा पॅम्पस वंशात तीनच जाती धरल्या होत्या : अर्जेन्टियस, चायनेन्सिस आणि उत्तर चीन-कोरियाकडचा एकिनोगॅस्टर.

गाठ आणखी घट्ट झाली, कारण युफ्रासेनने पाहिलेला मूळ मासा आज उपलब्ध नाही. नमुनाच नसेल तर 'अर्जेन्टियस' म्हणजे नेमका कोणता मासा, हे ठरवायचे कशावरून? चीनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्या मूळ ठिकाणच्या परिसरातून मासे मिळवले आणि त्यांतला एक नवा आधार-नमुना म्हणून निश्चित केला. तेव्हापासून अर्जेन्टियस या नावाला पुन्हा खुंटा मिळाला. चीनच्या समुद्रातही अर्जेन्टियस म्हणून लिहिले गेलेले अनेक मासे प्रत्यक्षात एकिनोगॅस्टर होते, हेही त्या सुमारास स्पष्ट झाले. त्याच्या पाठीच्या कण्यात मणके जास्त असतात.

जनुकांची साक्ष

भारतात हे काम राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या कोचीच्या केंद्रातील संशोधकांनी केले. माशाच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा तुकडा वाचून जाती ओळखण्याची पद्धत आहे. दुकानातल्या पट्ट्यांच्या खुणेवरून तिला 'बारकोड' म्हणतात. २०१५ मध्ये त्यांनी दाखवले, की हिंदी महासागरातले पापलेट चीनकडच्या अर्जेन्टियसहून जातीच्या पातळीवर वेगळे आहेत. २०१९ मध्ये त्यांनी शरीराची मोजमापे आणि जनुके दोन्ही तपासून क्यूव्हिए यांचे कॅन्डिडस हे नाव पुन्हा वापरात आणले. म्हणून आपल्या चंदेरी पापलेटचे आजचे योग्य नाव : पॅम्पस कॅन्डिडस.

इथे नवीन मासा सापडलेला नाही. जे नाव जवळपास दोनशे वर्षांपूर्वी दिले होते, तेच बरोबर ठरले.

कोण कुठे राहतो

आज पॅम्पसच्या जाती किती, हे कोणाची यादी धरता त्यावर अवलंबून आहे. सहा ते आठ म्हटले तर फारसे चुकणार नाही. त्यांतल्या बहुतेक चीन, कोरिया, जपान या बाजूला आहेत. कॅन्डिडस पर्शियन आखात, अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरात. कुवेतमध्ये तोच 'झुबैदी' म्हणून मानाने खाल्ला जातो. खरा अर्जेन्टियस दक्षिण चीन समुद्र आणि आग्नेय आशियाकडचा. चायनेन्सिस, म्हणजे आपल्याकडचा कापरी पापलेट, मात्र भारतापासून चीनपर्यंत पसरलेला.

पूर्व आणि पश्चिम अशी फाटणी का व्हावी? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ हे सगळे सलग जमीन होते. अशी भिंत पूर्वीच्या हिमयुगांतही वारंवार उभी राहिली. दोन्ही बाजूंच्या अनेक किनारी माशांचे वेगळेपण याच कारणाने समजावले जाते.

भारतातही पापलेट सगळीकडे सारखा नाही. त्याला रुंद, उथळ, चिखलाच्या तळाचा समुद्र आणि नद्यांचे गढूळ पाणी मानवते. म्हणून गुजरात-उत्तर महाराष्ट्राचा पट्टा आणि तिकडे ओडिशा-बंगालचा किनारा ही त्याची मोठी ठिकाणे. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीचे नाव पापलेटशी जोडले गेले, ते या भूगोलामुळेच.

नावाने काय बिघडते

कोणी म्हणेल, तव्यावर चव तीच, नाव काहीही असो. खवय्यापुरते ते खरे. पण मासळी जपायची असेल तर नाव महत्त्वाचे ठरते.

मासा किती लांबीचा झाला की पहिल्यांदा अंडी घालतो, कोणत्या महिन्यांत घालतो, किती वेगाने वाढतो, हे आकडे जातीगणिक बदलतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. अशी लांबी ठरवताना आधार कोणत्या माशाच्या अभ्यासाचा घ्यायचा? 'अर्जेन्टियस' या नावाखाली शोधले तर चीनचे, कोरियाचे, कुवेतचे आणि सातपाटीचे आकडे एकाच ढिगात मिळतात. त्यांतले कुवेतचे आपल्या कामाचे, कारण मासा तोच. चीनचे नाहीत. जुना निबंध हाती आला की त्यावरचे नाव सोडून मासा कोणत्या समुद्रातला आहे, ते मी आधी पाहतो.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. अर्जेन्टियस म्हणून मोजला तर पापलेट आखातापासून चीनपर्यंत पसरलेला, म्हणजे एका ठिकाणी घटला तरी दुसरीकडे आहेच, असे वाटते. कॅन्डिडस म्हणून मोजला तर त्याचे घर बरेच लहान होते. त्या घरातली पिल्ले डोल जाळ्यांत आणि ट्रॉलरच्या बारीक आसाच्या जाळ्यांत जात राहिली, तर पूर्वेकडून कोणी भरपाई करायला येणार नाही. सातपाटीचे मच्छीमार लहान पापलेट पकडू नका म्हणून सांगतात, त्यांच्या म्हणण्याला या नावाने अधिक वजन येते.

बाजारात ओळखताना

चंदेरी पापलेटचे पाठीवरचे आणि पोटाखालचे पर पुढच्या टोकाला कोयत्यासारखे लांब, शेपटी खोल दुभंगलेली आणि तिची खालची पाती लांब असते. पाठीच्या परापुढे लहान पात्यांसारखे काटे असतात, बोट हळूच फिरवले तर जाणवतात. कापरीला ते नसतात. त्याचे पर बोथट, शेपटीची खाच उथळ आणि अंग अधिक रुंद. 'रूपचंद' म्हणून मिळतो तो दक्षिण अमेरिकेतून आलेला गोड्या पाण्यातला पाकू, त्याचा पॅम्पसशी संबंध नाही. पिंजऱ्यात वाढवलेला पोम्पॅनो हा हलव्याच्या कुलातला.

ज्या महाविद्यालयांच्या संग्रहात पापलेटच्या जुन्या बाटल्या आहेत, त्यांनी चिठ्ठीवरचे जुने नाव खोडू नये. त्याच्या खाली नवे नाव, नमुना कोणत्या बंदराचा आणि कोणत्या वर्षाचा, एवढे लिहावे. पुढच्या अभ्यासकाला बंदर आणि वर्ष या दोन नोंदींचाच सर्वांत जास्त उपयोग होईल.