भेडाघाट शोधताना

सार्वजनिक ग्रंथालयातील संगणकासमोर बसलेला वाचक बहुधा एकच शब्द टंकित करतो आणि समोर आलेल्या यादीच्या पहिल्या ओळीवर विसंबतो. 'भेडाघाट' हा शब्द उदाहरणादाखल घेता येईल. जबलपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून वाहणारी नर्मदा, धुवांधार धबधबा, नौकाविहार, हॉटेलांच्या जाहिराती, हे सारे क्षणार्धात पडद्यावर अवतरते. वाचकाला हवे ते त्यात असेलच असे नाही.

अशा वेळी ग्रंथपालाने कळफलक स्वतःकडे ओढून घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: "आपल्याला नेमके काय हवे आहे?" सहल, पाल्याचा शालेय प्रकल्प की कलचुरींचा इतिहास? तिन्हींची उत्तरे तीन निराळ्या ठिकाणी असतात. तालिकापत्रांच्या काळातही ग्रंथपाल हाच प्रश्न विचारीत असे; फरक इतकाच की तेव्हा कपाटे डोळ्यांना दिसत.

सहलीला निघालेल्याने प्रथम पानावरील दिनांक पाहावा. पावसाळ्यात नर्मदेला पूर आला की तेथील नौकाविहार बंद असतो. हिवाळ्यात लिहिलेले प्रवासवर्णन वाचून जुलैमध्ये निघालेल्या कुटुंबाची निराशा होणारच. जागतिक वारशाबाबतही असाच घोटाळा संभवतो. भेडाघाट-लमेटाघाट परिसराचे नाव २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आले. संभाव्य यादी म्हणजे अंतिम मान्यता नव्हे. याची खात्री युनेस्कोच्याच संकेतस्थळावर करावी. शोधयंत्रे हल्ली यादीच्या माथ्यावर तयार उत्तरही देतात. ते सोयीचे खरे, पण ते कोणत्या पानावरून आले हे उघडून पाहिल्यावाचून प्रकल्पाच्या वहीत उतरवू नये.

खोलीचे आरक्षण करताना चुकीची किंमत अधिक मोठी असते. यादीतील वरच्या काही ओळींवर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ती पैसे देऊन घेतलेली जागा असते. हॉटेलाच्या किंवा बँकेच्या नावाने बनावट 'ग्राहक सेवा' क्रमांक आंतरजालावर पेरून ठेवण्याचा उद्योगही जोरात आहे. आरक्षणाचे पैसे अडकले म्हणून घाईने शोधलेल्या अशा क्रमांकावर दूरध्वनी केला की पलीकडचा गोड आवाज ओटीपी मागतो. बँकेचा क्रमांक शोधयंत्रात शोधूच नये. तो पासबुकावर व कार्डाच्या मागील बाजूस छापलेला असतो. फसवणूक झालीच तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. ग्रंथालयाच्या सामायिक संगणकावरून आर्थिक व्यवहार तर टाळावेतच.

ग्रंथपालाची खरी कसोटी इतिहासाच्या जिज्ञासूपाशी लागते. इंग्रजीत आज या गावाचे नाव बहुधा 'डी' अक्षर घालून लिहितात. जुन्या अभ्यासकांनी मात्र हिंदीतील 'ड़' साठी 'आर' वापरला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिलेल्या, १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या कलचुरी-चेदी संवताच्या शिलालेखसंग्रहातही 'आर'च आहे. जबलपूरचे इंग्रज अमदानीतील स्पेलिंग तर आज ओळखूही येऊ नये असे: आरंभी 'जे'नंतर 'यू', मग दोन 'बी' आणि शेवटी 'पोर'. जेम्स फोर्सिथ यांच्या मध्य भारतावरील १८७१ च्या पुस्तकात संगमरवरी कड्यांचे वर्णन आहे. ते शोधायचे तर नव्या स्पेलिंगने भागत नाही. दोन्ही रूपे आलटूनपालटून द्यावीत, राणीचे किंवा ग्रंथाचे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालावे आणि 'हॉटेल' या शब्दाआधी जागा न सोडता वजाचे चिन्ह द्यावे. यादी एकदम आटोपशीर होते. भारत सरकारचे 'इंडियन कल्चर' पोर्टल आणि 'इंटरनेट अर्काइव्ह' येथे असे कितीतरी जुने ग्रंथ पानोपानी वाचता येतात.

एवढ्या खटाटोपानंतर वाचक पोहोचतो तो सन ११५५ च्या भेडाघाट शिलालेखापाशी. कलचुरी राजा गयाकर्णाची राणी अल्हणदेवी हिने येथे शिवमंदिर बांधविले, ही नोंद त्यात आहे. मंदिरासोबत तिने एक मठ उभारला, उद्याने लावली आणि एक अध्ययनशालाही बांधविली.