पाळी जाण्याचे वय आणि पिशवी काढण्याची घाई

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि सांगली जिल्ह्यातील कुंडल, पलूस परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. कृष्णाकाठच्या कारखान्यांवर मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दरवर्षी टोळ्या येतात. या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचा एक आकडा २०१९ मध्ये राज्यासमोर आला. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एकीचे, गर्भाशय आधीच्या दहा वर्षांत काढलेले होते. राज्य शासनाने नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर हे वास्तव आले.

देशाचे चित्र काय आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या. दोन्ही पाहण्यांची तुलना तंतोतंत होत नसली तरी अंतर डोळ्यांत भरणारे आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि एका दिवसाच्या खाड्याचाही दंड भरावा लागतो. फडात ना शौचालय, ना पुरेसे पाणी. पाळीच्या दिवसांत अंगावर जास्त जात असले, पांढरे जात असले किंवा ओटीपोटात दुखत असले तरी ते अंगावर काढले जाते. मग गावी परतल्यावर ‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाही तर कर्करोग होईल’ असे सांगितले गेले, तर नाही म्हणण्याचे बळ कोठून येणार?

पाळी जाण्यापूर्वीची वर्षे

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत हे वय साधारण ४६-४७ असते. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे. मात्र त्याआधीची काही वर्षे बीजकोशांचे काम अनियमित होत जाते. पाळी कधी लवकर, कधी उशिरा, कधी तुटपुंजी तर कधी अतोनात येते. अंगातून अचानक गरम वाफा येणे, रात्री घामाने भिजणे, झोप मोडणे, छातीत धडधडणे, चिडचिड, सांधेदुखी, योनिमार्गातील कोरडेपणा, वारंवार लघवीची जळजळ हा सारा त्याच बदलाचा भाग असू शकतो.

हा आजार नव्हे. पण त्रास खरा असतो आणि त्यावर उपचार आहेत. घोटाळा होतो तो येथेच. याच वयातील अनियमित रक्तस्रावाला ‘पिशवीचा आजार’ ठरवून शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. वास्तविक आधी तपासणी हवी: रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि गरज असल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून केलेली बायोप्सी. कर्करोगाची शंका अशा तपासणीनेच मिटते. केवळ भीती घालून नव्हे. जास्त रक्तस्रावावर ट्रानेक्झॅमिक अॅसिडसारख्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायची, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधने काही वर्षे काम करतात. गर्भाशयातील साध्या गाठी तर पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आकसतात. गर्भाशय काढणे काही रुग्णांत अपरिहार्य असते. पण तो पहिला नव्हे, शेवटचा उपाय होय.

बीजकोश काढले तर

केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण बीजकोश इस्ट्रोजेन तयार करीत राहतात. मात्र अशा स्त्रियांत रजोनिवृत्ती एरवीपेक्षा लवकर येण्याची शक्यता वाढते. दोन्ही बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. निसर्गाने काही वर्षांत घडवायचा बदल पस्तिशीतल्या बाईच्या अंगावर एकदम कोसळतो. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा स्त्रियांना, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. पण शस्त्रक्रियेनंतर टाके काढले, की रुग्ण आणि रुग्णालय यांचा संबंध बहुधा संपतो. कंबरदुखी आणि थकवा घेऊन ती बाई पुन्हा फडात मोळ्या उचलू लागते.

संप्रेरकांची भीती

शहरांतील सुशिक्षित स्त्रियांची अडचण निराळी आहे. ‘हार्मोन घेतले की कर्करोग होतो’ ही धास्ती २००२ पासूनची. त्या वर्षी अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग मध्येच थांबविण्यात आला. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटले होते. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले ते वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे सुमारे आठ रुग्णांनी. पुढील विश्लेषणांतून स्पष्ट झाले, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांत लाभ जास्त आणि धोका कमी असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरील ठळक चौकटीतील बहुतेक इशारे काढण्याचे जाहीर केले.

तरीही ही औषधे सरसकट घ्यायची नाहीत. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका झालेल्यांनी आणि कारण न सापडलेला रक्तस्राव असणाऱ्यांनी ती टाळावीत. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावेच लागते. एरवी अस्तराच्या कर्करोगाचा धोका संभवतो.

नियम आहेत, विचारणारे हवेत

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. परंतु कागदावरचा नियम फडापर्यंत पोहोचतो तो आशा सेविका आणि आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या मार्फतच. हंगामात कोप्यांवर आरोग्य तपासणी झाली, तर पांढरे जाण्यासारखी तक्रार साध्या औषधांनी तेथेच मिटू शकते. शासकीय आरोग्य केंद्रांत तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह तसेच मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे; पुढील उपचारांसाठी कुंडलकरांना किर्लोस्करवाडीहून रेल्वेने गाठता येणारे मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक स्त्रीने, ती कोपीत राहणारी असो की फ्लॅटमध्ये, चार प्रश्न विचारावेत. नेमके निदान काय आणि त्याचा लेखी अहवाल कोठे आहे? औषधाने किंवा साधनाने भागेल का? बीजकोश काढणार की ठेवणार, आणि का? थांबले तर काय होईल? शक्य तर दुसऱ्या डॉक्टरांचे मतही घ्यावे. एक गोष्ट मात्र कधीच थांबवू नये: पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर थेंबभर रक्त जरी दिसले तरी त्वरित तपासून घ्यावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची मुलाखत घेतली जाते ती वयाच्या ४९ व्या वर्षापर्यंतच. त्यापुढील आयुष्य या मुलाखतीत येत नाही. पाळी गेल्यावरही स्त्री पुढे पंचवीस-तीस वर्षे जगते, राबते. तिच्या आरोग्याची दखल बाळंतपणापुरती न राहता या वर्षांतही घेतली जायला हवी.