सोळा चित्रं आणि एक पायरी

तोफ, ऑर्गन, कान, रेडिओ. लेडीबर्ड किडा, सिंह, बांबूचा कोंब, फ्राय पॅन. फूटपट्टी, मोटारसायकल, द्राक्षं, स्कर्ट. कोंबडी, गुलाब, पक्कड, पलंग. जपानमध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला गाडीचं लायसन पुढे चालू ठेवायचं असेल, तर त्याला अशी सोळा चित्रं दाखवतात, एका वेळी चार. मग चित्रं बाजूला ठेवून आकड्यांनी भरलेला कागद देतात आणि त्यातले ठरावीक आकडे खोडायला सांगतात. हे निव्वळ मन दुसरीकडे वळवायला, त्याला गुण नाहीत. ते आटोपलं की कोरा कागद समोर येतो : आता आठवतील तेवढी चित्रं लिहा.

चित्रांचे संच चारच, आणि पोलिसांनी ते जाहीरही केलेले आहेत. त्यामुळे पुस्तकांच्या दुकानात चक्क सरावाची गाइडं मिळतात. पेपर आधीच फुटलेली ही परीक्षा, पण मला ती हास्यास्पद वाटत नाही. घोकलेलं डोक्यात राहतं का, हेच तर तिथे पाहायचं असतं.

खरी गंमत दुसऱ्या फेरीत आहे. आता सूचक शब्द देतात. ‘लढाईतलं हत्यार’ म्हटलं की तोफ आठवावी, ‘शरीराचा अवयव’ म्हटलं की कान. आपणहून आठवलं तर दोन गुण, सूचक शब्दामुळे आठवलं तर एक. या एका गुणाच्या फरकामागे स्मृतीबद्दलचं मोठं ज्ञान आहे. निव्वळ वय झालेल्या माणसाने वस्तू कपाटात नीट ठेवलेली असते, फक्त कप्पा सापडत नाही. कप्पा दाखवला की वस्तू हाती येते. अल्झायमरमध्ये मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग खंगत जातो, तेव्हा वस्तू मुळात कपाटात ठेवलीच जात नाही. कितीही कप्पे दाखवा, हात रिकामाच. सोबत चालू वर्ष, महिना, तारीख, वार आणि अंदाजे वेळ विचारतात. शंभरपैकी ३६ पेक्षा कमी गुण पडले की डॉक्टरांकडे जावं लागतं आणि डिमेन्शियाचं निदान झालं तर लायसन जातं. चाचणी २००९ पासून आहे, डॉक्टरांकडे जाण्याची सक्ती २०१७ मध्ये कडक झाली.

पण गाडी काही आठवणींवर चालत नाही. ती चालते डोळ्यांवर, लक्षावर आणि उजव्या पायावर.

डोळ्यांचंच घ्या. वयानुसार बाहुली लहान होत जाते आणि मंद उजेडात पूर्वीसारखी उघडत नाही. भिंग पिवळसर पडतं. दोन्ही मिळून, साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. वर भिंगात प्रकाश विखुरतो, म्हणून समोरच्याने अप्पर मारला की डोळ्यांपुढे आलेली पांढरी झापड विरायला वेळ लागतो. दवाखान्यात भिंतीवरची अक्षरं वाचताना यातलं काहीच कळत नाही. तिथे उजेड भरपूर, अक्षरं काळीकुळकुळीत आणि हाताशी हवा तेवढा वेळ.

लक्षाची गोष्ट याहून विलक्षण. समोर बघत असताना एका नजरेत आपण आजूबाजूचा किती भाग खरोखर टिपतो, हे मोजता येतं. अमेरिकेत कार्लीन बॉल आणि सिंथिया औझली यांनी ते मोजलं. पडद्याच्या मध्यभागी एक आकृती क्षणभर चमकते, त्याच क्षणी कडेला दुसरी. मधली कोणती होती आणि कडेची कुठे होती, हे सांगायचं. डोळे ठणठणीत असलेल्या काही वृद्धांना कडेची आकृती दिसतच नव्हती. म्हणजे दिसत होती, पण मेंदू तिची नोंद घेत नव्हता. १९९० च्या दशकातल्या त्यांच्या अभ्यासांत हे क्षेत्र फार आक्रसलेल्यांच्या नावावर अपघात स्पष्टपणे जास्त निघाले. चौकात डावीकडून येणारी स्कूटर ‘दिसलीच नाही’ असं एखादा वृद्ध चालक सांगतो, तेव्हा तो बहुधा खोटं बोलत नसतो. आणि याहून थक्क करणारं पुढे आहे. हे क्षेत्र सरावाने वाढतं. संगणकावर तसा सराव केलेल्या वृद्धांकडून त्यांच्याच चुकीने होणारे अपघात पुढच्या काही वर्षांत सराव न केलेल्यांच्या जवळपास निम्म्यावर आलेले आढळले.

उरला पाय. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाची गाडी सुसाट सुटली. ३१ वर्षांची आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी त्यात गेल्या. आपण ब्रेकच दाबत होतो, गाडी बिघडली, असं तो न्यायालयात सांगत राहिला. न्यायालयाने पाय ॲक्सिलरेटरवर असल्याचं धरून पाच वर्षांची शिक्षा दिली. ‘ब्रेकच दाबत होतो’ हा त्याचा समज मला खोटा वाटत नाही. पाय चुकीच्या पेडलवर पडतो, मेंदूला मात्र तो ब्रेकवर आहे असंच वाटतं. गाडी थांबत नाही म्हणून माणूस आणखी जोर लावतो आणि गाडी आणखी उसळते. हा फेरा काही सेकंदांचा, पण आतून तोडणं भयंकर अवघड. पेडलच्या गोंधळाचा हा प्रकार फक्त म्हाताऱ्यांचा नाही. अमेरिकेतल्या नोंदींत तो दोन्ही टोकांना जास्त सापडतो : विशीच्या आतले आणि पंच्याहत्तरीच्या पुढचे.

इकेबुकुरोच्या अपघाताच्या वर्षी जपानमध्ये सहा लाखांच्या आसपास लोकांनी आपणहून लायसन परत केलं. २०२२ मध्ये आणखी एक परीक्षा आली. पंच्याहत्तरी उलटलेल्याने मागच्या तीन वर्षांत सिग्नल तोडण्यासारखा ठरावीक गुन्हा केला असेल, तर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायची. त्यातला एक भाग फार हुशारीने रचलाय. गाडी छोट्या पायरीसमोर आणायची, ॲक्सिलरेटर देऊन पुढची चाकं वर चढवायची आणि चढल्या क्षणी ब्रेक. पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर वेळेत जातो का, हे सोळा चित्रं कधीच सांगू शकली नसती.

मग परीक्षा घेतल्याने रस्ता सुरक्षित होतो का? हा प्रश्न शेजारशेजारच्या दोन देशांनी नकळत सोडवून ठेवला होता. फिनलंडमध्ये सत्तरीपासून वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, स्वीडनमध्ये वयामुळे काहीच नव्हतं. लीसा हाकामिएस-ब्लोमक्विस्त आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तुलना केली. वृद्ध चालकांच्या अपघातांत फिनलंडचा फायदा दिसेना. उलट रस्त्यावर पायी चालताना मरणारे वृद्ध फिनलंडमध्ये जास्त. डेन्मार्कने २००६ मध्ये सत्तरीपुढच्यांसाठी स्मृती-चाचणी आणली, तिथेही चालकांचे मृत्यू घटले नाहीत आणि पायी किंवा सायकलवर जाणाऱ्या वृद्धांचे वाढले. जपानचा २०१७ चा नियम थोडा वेगळा निघाला : वृद्ध पुरुष चालकांच्या धडका खरोखर कमी झाल्या, पण वृद्ध पादचारी आणि सायकलस्वार जखमी होण्याचं प्रमाण चढलं. स्टीअरिंग सुटलं म्हणून माणूस घरी बसत नाही. भाजी, दवाखाना, देऊळ चुकत नाही. तो पत्र्याच्या आवरणातून बाहेर येतो आणि ठिसूळ हाडांनिशी रस्त्यावर उतरतो.

ठिसूळपणाचा हिशेब आणखी एका ठिकाणी लागतो. दर किलोमीटरमागे वृद्ध चालकांचे मृत्यू जास्त दिसतात, त्याचं मोठं कारण ते जास्त धडकतात हे नसून धडकल्यावर वाचत नाहीत, हे आहे. शिवाय त्यांचे किलोमीटर थोडे आणि गल्ल्या-चौकांतले, महामार्गावरचे नव्हेत. कोणत्याही वयाच्या कमी गाडी चालवणाऱ्याचा आकडा असाच वाईट दिसतो. बहुतेक वृद्ध स्वतःच रात्रीचं चालवणं सोडतात, पावसात गाडी बाहेर काढत नाहीत, गर्दीची वेळ टाळतात. धोका खरा आहे तो ज्याला आपल्यात झालेला बदल कळतच नाही त्याच्यापासून, आणि डिमेन्शिया अनेकदा नेमकी ही जाणीवच पोखरतो. म्हणून मला सरसकट वयाची बंदी पटत नाही, पण ‘त्यांचं त्यांना कळतं’ हेही पटत नाही. जपानच्या तोयामा शहराने तिसरीकडून हात घातला : पासष्टीपुढच्यांना पास, तो दाखवला की शंभर येनमध्ये बसने गावाच्या मध्यभागी.

आपल्याकडे चाळिशीनंतर लायसनच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा नमुना १-अ लागतो आणि पंचावन्ननंतर लायसन पाच-पाच वर्षांचं मिळतं. त्या नमुन्यात डॉक्टरांनी सांगायचं असतं की, स्वच्छ दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते. लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हेही असतं. एका नजरेत चौकातलं किती टिपलं जातं, अप्परनंतर डोळे किती वेळाने सावरतात, पाय ब्रेकवर किती लवकर येतो, यासाठी रकाना नाही. हे तिन्ही मोजता येतं, आणि तिन्ही पन्नाशीतही बिघडलेलं असू शकतं. मला रकाने वाढवायचे असते तर हेच तीन वाढवले असते, जन्मतारखेच्या रकान्याला हात न लावता.