क्षयाच्या खाटेचा हिशेब

सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी क्षयावरचा सर्वांत महाग इलाज कुठला होता? स्ट्रेप्टोमायसिन नव्हे, शस्त्रक्रियाही नव्हे. तो होता खाट. पाचगणीचं बेल-एअर, मिरजेजवळचं वानलेसवाडी, मुंबईतलं शिवडीचं रुग्णालय ही नावं ज्या काळात घराघरांत दबक्या आवाजात घेतली जात, त्या काळात उपचार म्हणजे पडून राहणं होतं. महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दीड वर्ष विश्रांती, मोकळी हवा, दूध-अंडी आणि वेळेवर ताप मोजणारी परिचारिका. औषधं आली तरी त्यांच्याइतकाच खाटेवरही डॉक्टरांचा विश्वास होता.

या खाटेची किंमत कशी मोजायची? तिच्यामागे स्वयंपाकघर चालतं, धुलाई चालते, पाळ्यांत काम करणारी माणसं लागतात. पण खरी गोम वेगळीच आहे. एका रुग्णाने ती वर्षभर अडवली की तेवढा काळ दुसऱ्या कोणालाच ती मिळत नाही. १९५५ ते १९५८ या काळात देशभर झालेल्या क्षयाच्या पाहणीतून दिसलं, की थुंकीतून जंतू बाहेर टाकणारे रुग्ण लाखोंनी आहेत. खाटा मात्र हजारांतच मोजाव्या लागत. सगळ्यांना पुरतील इतक्या खाटा उभारणं नव्या देशाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात बसणारं नव्हतं.

त्याच सुमाराला एक विलक्षण स्वस्त गोळी हाताशी आली होती. आयसोनियाझिड हे रसायन प्राग शहरात १९१२ सालीच तयार झालं होतं. मायर आणि माली या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते बनवलं, त्याची नोंद केली आणि विषय तिथेच संपला. ते क्षयाच्या जंतूला मारतं हे कळायला चाळीस वर्षं जावी लागली. १९५२ मध्ये तीन कंपन्यांच्या प्रयोगशाळा जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे त्याच्यापाशी पोचल्या आणि पाहतात तो काय, पदार्थ इतका जुना की त्यावर कोणालाच पेटंट मिळेना! जगातल्या सर्वांत जीवघेण्या रोगांपैकी एकावरचं प्रभावी औषध त्यामुळे कवडीमोल दरात मिळू लागलं.

म्हणजे गोळी स्वस्त आणि खाट महाग. मग गोळी ठेवून खाट काढून टाकली तर? हा प्रश्न १९५६ मध्ये मद्रासमध्ये थेट रुग्णांवर तपासला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तिथे एक केंद्र सुरू केलं. त्याचे प्रमुख होते डॉ. वॉलेस फॉक्स. शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतले १९३ रुग्ण निवडले आणि कोण सॅनेटोरियममध्ये जाणार, कोण घरी राहणार हे नशिबावर सोडलं. औषधं दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि ‘पास’, पूर्ण वर्षभर.

घरच्या रुग्णांच्या बाजूने काय होतं? कोंदट खोली, अपुरं जेवण आणि जमेल तशी विश्रांती. सॅनेटोरियममध्ये चांगला आहार, मोकळी हवा आणि डॉक्टरांची नजर. घरच्या रुग्णांनी गोळ्या खरंच घेतल्या का, हे पाहायला कर्मचारी न सांगता दारात उभे राहत, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीची तपासणी करत. पैज लावायची झाली असती तर त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांनी सॅनेटोरियमवरच लावली असती.

१९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीला सॅनेटोरियममधल्या ९२ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता. घरच्यांपैकी ८६ टक्क्यांचा. शिवाय घरी ठेवलेल्या गटातल्या रुग्णांचा आजार सुरुवातीलाच थोडा अधिक होता, म्हणजे हे अंतरही दिसतं त्याहून कमीच. सॅनेटोरियममधल्यांचं वजन जास्त वाढलं, पण जंतू हटवण्यात त्याने फारसा फरक पडला नाही. त्याहून मोठा धक्का पुढे होता. रुग्ण घरात राहिल्याने बायकामुलांना अधिक लागण होईल, ही सगळ्यांची भीती होती. रुग्णांच्या कुटुंबीयांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा दोन्ही गटांच्या कुटुंबांत तसा फरक आढळला नाही. जी लागण व्हायची ती बहुतेक उपचारांआधीच होऊन गेलेली असते.

असं का होतं, ते जंतूच्या स्वभावात आहे. आतड्यातला ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. आयसोनियाझिड वाढत्या जंतूंवर तुटून पडतं आणि पहिल्या काही दिवसांतच थुंकीतल्या जंतूंची संख्या झपाट्याने घसरते. त्याबरोबर रुग्णापासूनचा धोकाही. उरतात ते सुस्त, जवळजवळ झोपलेले जंतू. ते जागे होतील तसे मारायचे म्हणून गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवाव्या लागतात. या लढाईत खाटेला करण्यासारखं फार थोडं होतं. लागत होती ती गोळी आणि लांबलचक चिकाटी.

मद्रासच्या त्या वर्षभराने जगभरच्या सॅनेटोरियमांचा पायाच काढून घेतला. भारताचा १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम घरच्या उपचारांवर उभा राहिला. आज रुग्णालयाची खाट लागते ती खोकल्यातून फार रक्त पडलं, मेंदूच्या आवरणाला क्षय झाला, औषधांनी यकृताला इजा केली किंवा रुग्ण अगदीच खंगून आला तर. बाकी बहुसंख्य रुग्ण घरी राहून बरे होतात. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत, गोळ्याही मोफत.

मग क्षयाने माणसं कर्जबाजारी का होतात? कारण खाट गेली तरी खर्च गेला नाही, त्याने फक्त पत्ता बदलला. निदान होण्याआधी खोकल्याच्या बाटल्या, दोन-तीन खासगी डॉक्टर, एक्स-रे, कुणाच्या तरी सांगण्यावरून केलेल्या रक्ताच्या चाचण्या. निदानानंतर केंद्रापर्यंतचं एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला दिवस आणि रोजंदारीवरचे खाडे. सॅनेटोरियमच्या काळात खर्चाचा मोठा वाटा संस्थेच्या वहीत दिसायचा. आता तो उसनवारीत आणि मोडलेल्या सोन्यात विरघळून जातो. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच कुटुंबाचा वेगळा हिशेब मांडते. आजारापायी वार्षिक उत्पन्नाच्या वीस टक्क्यांहून अधिक गेलं, तर तो खर्च कुटुंबावरची आपत्ती मानायचा, आणि त्यात बुडालेली मजुरीही धरायची. या मापाने जगातली जवळजवळ निम्मी क्षयग्रस्त कुटुंबं त्या रेषेपलीकडे जातात. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात तर पाचातली चार.

या दुसऱ्या प्रकारच्या क्षयात इलाज दीड-दोन वर्षं चालायचा आणि कित्येक महिने इंजेक्शनं घ्यावी लागत. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती क्षयाच्या औषधांनीच गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्याबरोबर त्यांनी बेडाक्विलिन या नव्या गोळीचं पेटंट लांबवण्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. आता त्याच गोळीभोवती बांधलेला, इंजेक्शनाविना सहा महिन्यांत संपणारा उपचार उपलब्ध आहे. इथे नुसती गोळी स्वस्त झाली असं नाही, वर्षभराची मजुरीही वाचते.

आणि आहाराचं काय? मद्रासने त्याला दुय्यम ठरवलं होतं, पण तिथे प्रश्न जंतू हटवण्याचा होता. झारखंडमध्ये २०१९ पासून वेगळे प्रश्न विचारले गेले: रुग्ण जगतो का, आणि त्याच्या घरातल्यांना क्षय होतो का? मद्रासच्या त्याच केंद्रातून वाढलेल्या चेन्नईच्या संस्थेचे संशोधकही या अभ्यासात होते. कुटुंबीयांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तेव्हा त्यांच्यातला नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलेल्यांचे मृत्यू खूपच कमी होते. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, त्यामागचा विचार हाच.

किराणा, बसभाडं आणि बुडालेली मजुरी या गोष्टी आपण उपचारांत धरत नाही. पण गोळ्या सहा महिने सलग घेतल्या तरच गुण येतो, आणि त्या मध्येच सुटतात त्या बहुधा कामावर जाण्याच्या घाईत नाहीतर भाड्याला पैसे नसल्याने. त्या सहा महिन्यांचं भाडं आणि मजुरी कुणी भरून दिली, तर तो दानधर्म समजू नये. औषधाच्या मात्रेचाच तो एक भाग आहे.