भावंडांच्या रांगेची साठ वर्षं

अमेरिकेचा नागरिक झालेल्या भावाने इथल्या बहिणीसाठी आज अर्ज भरला, तर तिचा नंबर लागेपर्यंत तिची लहान मुलं नोकरीला लागलेली असतील. २०२५ मध्ये भारतीय भावंडांच्या रांगेत २००६ साली भरलेल्या अर्जांचे नंबर लागत होते. गोष्ट या थराला कशी आली, हे समजायला मागे जावं लागतं.

१९४६ पासून अमेरिकेत कायमचं राहायला वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना परवानगी मिळे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली आणि वंश-देश पाहून ठरवलेले ते कोटे गेले. प्राधान्यक्रमातल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जागा नातेवाइकांना मिळाल्या. हा आग्रह प्रामुख्याने ओहायोचे खासदार मायकेल फीगन यांचा. नात्यांना झुकतं माप दिलं की आधीपासून तिथे असलेल्या युरोपीय लोकांचेच आप्त येत राहतील, असा त्यांचा हिशेब होता. तो साफ चुकला. शिक्षणाच्या बळावर गेलेले भारतीय डॉक्टर-इंजिनिअर काही वर्षांनी नागरिक झाले आणि त्यांनीही भावा-बहिणींचे अर्ज भरले. १९८१ मध्ये शिकागोत तिथल्या मराठी माणसांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, तोवर एका भावामागून दुसरा, त्यामागून मेव्हणा, अशी घरं उभी राहू लागली होती.

रांग तुंबली ती आकड्यांमुळे. १९९० च्या कायद्याने भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५ हजार जागा ठेवल्या, आणि त्यात बायको-मुलंही धरली. शिवाय कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. देश भारताएवढा असो की आइसलँडएवढा, मर्यादा तीच. मागणी वाढत गेली, जागा तेवढ्याच राहिल्या. आई-वडिलांना मात्र ही मर्यादा नाही. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाने त्यांचा अर्ज भरला, तर नंबराची वाट पाहावी लागत नाही.

१९९६ मध्ये दुसरा मोठा बदल झाला. त्याआधी स्पॉन्सर करणाऱ्याने दिलेल्या हमीपत्राला न्यायालयात फारसं वजन नव्हतं. नव्या कायद्याने आय-८६४ हा फॉर्म आणला आणि हमीचा बंधनकारक करार झाला. स्पॉन्सरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं, आणि कुटुंबात येणारी माणसंही मोजायची. घरात नवरा-बायको दोघं आणि येणारे बहीण, मेव्हणे, दोन मुलं असे चौघं, तर २०२५ च्या दराने वर्षाला सुमारे ५४ हजार डॉलर दाखवावे लागत. पंचेचाळिशीत अर्ज भरणारा भाऊ नंबर लागेपर्यंत निवृत्त झालेला असतो. पगार थांबलेला, घर फिटलेलं. मग बचतीवर भागवायचं, तर उत्पन्नात जेवढी तूट तिच्या पाचपट मालमत्ता दाखवायची, नाहीतर जोडीला दुसरा हमीदार शोधायचा. ती सही आलेला माणूस नागरिक होईपर्यंत किंवा त्याची कामाची साधारण दहा वर्षं भरेपर्यंत बांधून ठेवते. जबाबदारी घ्यायला लावणं मला रास्त वाटतं. पण वीस वर्षांनी आपली कमाई किती असेल, हे अर्ज भरताना कोण सांगणार?

मराठी घरांची खरी दमछाक होते ती कागदपत्रांत. भावंडं असल्याचा पुरावा म्हणजे दोघांच्या जन्मदाखल्यांवर तेच आई-वडील. पण जुन्या दाखल्यांत नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं असतं. आईचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, पासपोर्टही त्याच नावाने निघाला, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राहिली वेगळीच कुणीतरी. मग राजपत्रातली नोंद, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, ‘नोंद आढळत नाही’ असा नगरपालिकेचा कागद. एवढं जमवून मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जायचं. २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये, त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलात.

सगळ्यात जिव्हारी लागतो तो मुलांच्या वयाचा नियम. एकविशी ओलांडलेलं मूल आई-बापाच्या अर्जातून गळतं. २००२ च्या कायद्याने थोडा दिलासा दिला: अर्ज मंजूर व्हायला जितके दिवस लागले, तितके मुलाच्या वयातून वजा करतात. मंजुरीनंतर नंबर येईपर्यंतची वर्षं मात्र वजा होत नाहीत. गळालेल्या मुलांना आई-बापाच्या अर्जाच्या जुन्या तारखेचा लाभ द्यावा, हा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. लेकाला मागे ठेवून भावाकडे ये, असं बहिणीला सांगणारा कायदा कुटुंबं जोडतो, असं मला म्हणवत नाही. भावंडांचा हा वर्गच बंद करण्याचे प्रस्ताव १९९५ पासून पुन्हा पुन्हा आले. २०१३ मध्ये सिनेटने तसं विधेयक मंजूरही केलं, पण ते पुढे अडलं. वर्ग टिकला, आणि रांगही.

ज्यांच्या घरात असा जुना अर्ज पडून आहे, त्यांना कळकळीने सांगतो. आय-१३० या नातेवाइकासाठीच्या अर्जाच्या मंजुरीचा कागद शोधा आणि त्यावरची प्रायॉरिटी डेट, म्हणजे अर्ज भरल्याची तारीख, नंबर कुठवर आलेत ते सांगणाऱ्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनशी ताडून बघा. अर्जात लिहिलेली चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला असेल, तर नवा पत्ता आणि ई-मेल मंजूर अर्ज सांभाळणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरला कळवा. नंबर आल्याची सूचना मिळूनही वर्षभरात हालचाल केली नाही, तर अर्ज रद्द होऊ शकतो. अर्ज करणारा भाऊ वारला, तर मंजूर अर्जही आपोआप बाद होतो. मात्र दुसरा जवळचा नातेवाईक हमी घ्यायला तयार असेल, तर मानवतेच्या आधारावर तो पुन्हा उभा करण्याची विनंती करता येते. ती करणं राहून जाऊ देऊ नका. आणि बहिणीच्या दोन नावांचा मेळ घालणारे कागद आजच करून ठेवा, ते माहीत असलेली वडीलधारी माणसं घरात आहेत तोवर.